चौकटीच्या मापाचा देव

वाईच्या घाटावरचा महागणपती रुंदीने डोळ्यांत भरतो. लोकांनी त्याला ढोल्या गणपती म्हटले ते त्यामुळेच. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये हे देऊळ उभारले आणि कृष्णेच्या पुराचे पाणी दुभंगून बाजूने निघून जावे म्हणून मागची भिंत माशाच्या आकाराची बांधली. आता या मूर्तीचा मोबाइल आडवा धरून काढलेला, चारास तीन प्रमाणातला फोटो घ्या आणि तो हल्लीच्या उभ्या स्टेटसच्या, म्हणजे नवास सोळाच्या चौकटीत बसवा. चौकट काठोकाठ भरायची तर फोटोची उंची कायम ठेवावी लागते आणि रुंदीपैकी जेमतेम ४२ टक्के उरते. बाकीचे ५८ टक्के दोन्ही बाजूंनी सारखे कातरले जाते. मूर्तीने मूळ फोटो भरलेला असेल तर कान जातात, हात जातात, मांडीचा पसारा जातो आणि सोंड व पोट यांची एक उभी पट्टी राहते. ढोल्या म्हणावे असे तिच्यात काही नसते. तासगावला याच्या उलट घडते. पटवर्धनांच्या गणपतीपुढचे सात मजली गोपुर उभ्या फोटोत नीट मावते. तोच फोटो वेबसाइटच्या माथ्यावरच्या आडव्या पट्टीत घातला की सातांपैकी तीन मजले शिल्लक राहतात. यात कोणाचा खोडसाळपणा नाही. यंत्राला एवढेच सांगितलेले असते: चौकट भर, मध्य धर, बाकीचे सोड. पण सातारा-सांगलीतल्या देवांची रूपे आज दूरदूरच्या पुष्कळ लोकांना पहिल्यांदा याच वाटेने भेटतात. तेव्हा देवाच्या प्रतिमेचा असा तुकडा पाहणे हे दर्शन ठरते का, हा प्रश्न संगणकाच्या जाणकारांवर सोडून देता येत नाही. तो धर्मविचारातला प्रश्न आहे, आणि आपल्या परंपरेने त्यावर वाटते त्यापेक्षा जास्त विचार करून ठेवला आहे.

आधी दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत: प्रतिमा लहान करणे आणि प्रतिमा कातरणे. लहान करण्याबद्दल शास्त्राला मुळीच अडचण नाही. मूर्तिशास्त्रातले तालमान पाहावे. मूर्तीच्या मुखाच्या लांबीला ताल म्हणायचे, तालाचे बारा अंगुले करायचे. नऊ तालांची मूर्ती असेल तर तिची उंची १०८ अंगुले भरते. हे अंगुल बाहेरून आणलेल्या पट्टीवरचे नसते. ते त्या मूर्तीच्याच देहातून निघते. त्यामुळे मूर्ती वीतभर असो की पुरुषभर, तिचे गणित बदलत नाही. मत्स्यपुराण घरच्या पूजेतल्या मूर्तीला अंगठ्याच्या पेरापासून वितीपर्यंतची मर्यादा घालते आणि त्याहून मोठी मूर्ती घरात नको म्हणते. अंगठ्याच्या पेराएवढी मूर्ती म्हणजे आजच्या भाषेत थंबनेलच. चार हजार गुणिले तीन हजार बिंदूंचा फोटो चारशे गुणिले तीनशेचा केला की एक कोटी वीस लाख बिंदूंचे एक लाख वीस हजार होतात. दर शंभर बिंदूंच्या जागी एक बिंदू येतो. दागिन्यांवरची नक्षी पुसट होते, डोळ्यांतले तेज कमी होते, पण मुखाचे देहाशी आणि हाताचे आयुधाशी असलेले प्रमाण जसेच्या तसे राहते. तालमानाच्या दृष्टीने ही तीच मूर्ती आहे. प्रमाण मात्र बिघडता कामा नये. चौकटीत बसवण्यासाठी फोटो एकाच दिशेने ताणला की मुख लांबट होते, पोट खपाटीला जाते. बृहत्संहितेत वराहमिहिराने मूर्तीचे दोष सांगताना कृश उदर, वर लागलेली किंवा खाली झुकलेली नजर, एका अंगाला गेलेला तोल यांची फळे एकेक करून मोजली आहेत. त्या फळांवर विश्वास ठेवावा की न ठेवावा हे ज्याचे त्याने ठरवावे, पण प्रमाणभंग हा रूपाचा भंग आहे ही त्यामागची जाण आजही खरी आहे.

त्याच ग्रंथातला आणखी एक नियम इथे फार उपयोगी पडतो. देवळाच्या दाराच्या उंचीचे आठ भाग करावेत आणि त्यांतला एक सोडून द्यावा. उरलेल्या उंचीचे तीन भाग करून एक भागाची पीठिका आणि दोन भागांची मूर्ती करावी. दाराची उंची २४ मानली तर तीन सोडून २१ राहतात. त्यांतले सात पीठिकेचे आणि चौदा मूर्तीचे. म्हणजे मूर्तीने चौकटीच्या मापात बसावे ही मागणी मोबाइलने पहिल्यांदा केलेली नाही. देवाने दाराचे माप मानावे असे शास्त्रच सांगते. फरक आहे तो बसवण्याच्या रीतीत. इथे मूर्ती दारापेक्षा लहान होते, पीठिकेसह अखंड राहते आणि वर तीन भागांची मोकळी जागा सुटते. ती जागा भरून काढण्याची घाई कोणाला नसते. वेबसाइट बांधणाऱ्यांकडेही चित्र चौकटीत बसवायचे दोन मार्ग असतात. एकात चित्र पूर्ण राहते आणि कडेला पट्ट्या रिकाम्या सुटतात. दुसऱ्यात चौकट पूर्ण भरते आणि चित्र कापले जाते. रिकाम्या पट्ट्या अपुऱ्या कामासारख्या दिसतात, म्हणून बहुतेक ठिकाणी दुसरा मार्ग निवडला जातो. वराहमिहिराचा नियम स्पष्टपणे पहिल्याच्या बाजूचा आहे.

पण मग कातरणे सरसकट निषिद्ध मानायचे का? इथे घाईने हो म्हणणारा माणूस अडचणीत येईल. खंडित मूर्ती पूजेत ठेवू नये, तिचे विसर्जन करावे, हा नियम घरोघरी माहीत आहे, आणि त्याच्या आधारावर कातरलेला फोटो म्हणजे खंडित मूर्ती असे म्हणणे सोपे आहे. मात्र आपल्याच प्रदेशातली उपासना बघा. पलूस तालुक्यात कृष्णाकाठी औदुंबरला नृसिंहसरस्वतींच्या विमल पादुका आहेत. तिथे मुख नाही, हात नाहीत, फक्त पावलांची खूण आहे, आणि त्या पादुकांपुढे उभ्या असलेल्या माणसाला आपले दर्शन अपुरे राहिले असे वाटत नाही. मांढरदेवच्या काळूबाईला चांदीचा मुखवटा आहे. कराड तालुक्यातल्या पालीला पौषात खंडोबा-म्हाळसेचे लग्न लागते तेव्हा मुखवटेच वाजतगाजत बोहल्यावर जातात. कुठे फक्त पाय, कुठे फक्त चेहरा. चेहऱ्यापुरते किंवा पावलांपुरते देवाला घेणे परंपरेने शतकानुशतके केले आहे, तेही अत्यंत आदराने. म्हणून भाग पाहणे हा दोष असू शकत नाही. दोष असेल तर तो भाग कसा निवडला गेला यात शोधावा लागेल.

या निवडीची रीत भागवताच्या तिसऱ्या स्कंधात सापडते. कपिलमुनी आपल्या आईला, देवहूतीला, ध्यान शिकवतात तेव्हा आधी भगवंताचे संपूर्ण रूप मनात स्थिर करायला सांगतात. सर्व अवयवांसह ते रूप चित्तात ठरले की मग चित्त एकेका अवयवावर न्यायचे, पायांपासून सुरुवात करायची आणि शेवटी मुखावरच्या हास्यापाशी यायचे. या क्रमातच माझ्या मते सगळा निवाडा आहे. ध्यान करणारा साधकही एका अर्थी कातरतच असतो, कारण पायांवर मन असते तेव्हा मुख त्याच्या चौकटीबाहेर असते. परंतु त्याने ते आधी पाहिलेले असते. त्याचा भाग पूर्णातून आलेला असतो आणि त्या पूर्णाची आठवण घेऊन राहतो. औदुंबरच्या पादुका कोणाच्या, हे तिथे येणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते. पालीच्या मुखवट्यामागे खंडोबाची सगळी कथा उभी असते. भागाला अर्थ येतो तो त्याच्यामागच्या पूर्णामुळे. चौकटीच्या सोयीने कापलेल्या भागामागे कोणाचेच पाहणे नसते. कोणी पूर्ण रूप पाहून, काय ठेवायचे आणि काय बाहेर राहिले तरी चालेल हे ठरवलेले नसते. मध्यबिंदूपासून दोन्हीकडे मोजून रेघ ओढलेली असते, तिच्या आत जे आले ते आले.

आणि त्या रेघेबाहेर नेमके काय जाते ते पाहिले की ही गोष्ट किती गंभीर आहे ते कळते. चौकोनी फोटोचा गोल डीपी केला की चारही कोपरे मिळून २१ टक्क्यांहून थोडे जास्त क्षेत्र गळते. चतुर्भुज मूर्तीचे वरचे दोन हात नेमके कोपऱ्यांकडे असतात. मूर्तिशास्त्राने विष्णूची केशव, नारायण, माधव अशी चोवीस रूपे सांगितली आहेत आणि त्यांच्यातला भेद केवळ शंख, चक्र, गदा, पद्म कोणकोणत्या हातात आहेत यावरून ओळखायचा असतो. हात कापले की चोवीस देवांचा एक अनामिक देव होतो. विठ्ठलाचेही तसेच आहे. कमरेवरचे हात आणि विटेवरची जुळलेली पावले काढून मुखच ठेवले, तर वारकऱ्याचा भाव ज्या उभे राहण्यावर जडला ते उभे राहणेच नाहीसे होते. तासगावच्या गणपतीची गोष्ट कातरण्याची नाही, पण त्याच जातीची आहे. हा उजव्या सोंडेचा गणपती, आणि उजव्या सोंडेचे सोवळे कडक मानतात. पानाच्या रचनेला शोभावे म्हणून मांडणी करणारा कधीकधी चित्र आरशातल्यासारखे उलटवतो. एका बटणात उजवी सोंड डावी होते. ज्याने मूर्ती पाहिलेली नाही त्याला काही बदलले हे समजतही नाही.

तरी माझ्या मते सर्वांत मोठी हानी अवयव जाण्याने होत नाही, नाते तुटण्याने होते. चाफळला समर्थ रामदासांनी राममंदिर उभारले आणि मारुतीच्या दोन मूर्ती स्थापल्या. देवळामागे प्रताप मारुती आहे, वीरवृत्तीचा. रामासमोर दास मारुती हात जोडून उभा आहे, आणि त्याची नजर रामाच्या चरणांकडे आहे. या दास मारुतीचा स्वतंत्र फोटो काढला, त्यात पायापासून मस्तकापर्यंत काहीही कापले नाही, एकही अंगुल बिघडू दिले नाही, तरी त्या फोटोत एक फार मोठी गोष्ट नसते: हात कोणापुढे जोडले आहेत ते. मारुतीचे दास्य त्याच्या एकट्याच्या देहात मावत नाही. ते त्याच्या आणि रामाच्या मधल्या अंतरात आहे. समर्थांनी चाफळ, माजगाव, शिंगणवाडी, उंब्रज, मसूर, शहापूर, बहे, बत्तीस शिराळा आणि पुढे कोल्हापूरच्या बाजूला मनपाडळे, पारगाव इथे जे मारुती बसवले त्यांची ठेवण सारखी नाही, उंची सारखी नाही. वेबसाइटवरच्या यादीच्या पानावर मात्र, चाफळचे दोन धरून, अकराही मारुती एकाच मापाच्या अकरा चौकोनांत, एकसारख्या चेहऱ्यांनी दिसतात. बह्याचा मारुती कृष्णेच्या पात्रातल्या बेटावर आहे, हे चौकोन कसे सांगणार?

यावर पहिला आक्षेप असा येईल की फोटो म्हणजे मूर्ती नव्हे. त्याला प्राणप्रतिष्ठा नाही, तेव्हा त्याचे खंडनही नाही. कागद फाटला म्हणून देव दुखावत नाही. हे मान्य आहे. देवाला इजा होते असे इथे म्हणायचेच नाही. प्रश्न पाहणाऱ्याच्या पाहण्याचा आहे. शिवाय लोकांचे वागणे बघावे: जुन्या कॅलेंडरवरचे देवाचे चित्र सहसा कोणी केरात टाकत नाही, ते नदीत सोडतात किंवा पिंपळाच्या पारावर नेऊन ठेवतात. प्राणप्रतिष्ठा नसलेल्या चित्रालाही निव्वळ कागद न मानण्याची ही रीत कोणत्या ग्रंथाने लादलेली नाही. स्टेटसवरच्या चित्राला सकाळी हात जोडणाऱ्याचा भाव त्याच जातीचा आहे, आणि त्या भावाला आपण काय पुरवतो याची जबाबदारी पुरवणाऱ्यावर येते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि तो समर्थांचाच आधार घेऊन करता येतो. दासबोधात त्यांनी प्रतिमा, अवतार, अंतरात्मा आणि निर्विकार असे देवाचे चार प्रकार सांगून साधकाला प्रतिमेच्या पुढे न्यायचा यत्न केला आहे. शेवटी देव निर्गुणच असेल तर रूपाच्या कडा चार बोटे अलीकडे की पलीकडे, याने काय बिघडते? पण हेच समर्थ गावोगाव मूर्ती बसवत हिंडले, आणि कुठे दास तर कुठे वीर अशी ठेवण ठरवत राहिले. प्रतिमा अंतिम नाही हे ज्याला पक्के ठाऊक होते, त्यानेच प्रतिमेबद्दल इतकी काळजी घेतली. यात विसंगती नाही. प्रतिमा ही साधकाला पुढे नेण्यासाठी असेल, तर तिचे रूप निर्हेतुक असून चालत नाही. दास्य शिकवायला जोडलेले हात हवेत. निर्गुणाकडे नेणारा रस्ता सगुणाच्या हेळसांडीतून जात नाही.

तिसरा आक्षेप व्यवहारातला: पंढरपुरातही मुखदर्शनाची रांग वेगळी असते आणि पदस्पर्शाची वेगळी, गर्दीत क्षणभर नजर लागते, खांद्यांच्या फटीतून मुकुटाचे टोक दिसते, तेही दर्शनच मानले जाते, मग पडद्यावरच्या तुकड्याला दर्शन का म्हणू नये? याचे उत्तर त्या माणसाच्या येण्यात आहे. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असा मजल दरमजल चालत गेलेला वारकरी राऊळात पोहोचतो तेव्हा विठ्ठलाचे पूर्ण रूप त्याच्या मनात आधीपासून असते. गर्दीने जेवढे झाकले तेवढे तो स्वतः भरून काढतो. कपिलमुनींचा क्रम त्याच्यापुरता आधीच पूर्ण झालेला असतो. परदेशात वाढणाऱ्या मुलाने चाफळ कधी पाहिलेले नसते. त्याच्यासाठी तो चौकोन हेच पहिले दर्शन, आणि बाहेर काय राहिले हे त्याला सांगणारे कोणी नसते.

कापण्याची वेळ आली तर ते कसे करावे याचा उत्तम धडा सातारा जिल्ह्याशीच जोडलेल्या एका कामात आहे. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी चित्ररामायण काढले आणि १९३८ मध्ये औंधला संग्रहालय उभारले. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली ती त्यांच्या एक लाख रुपयांच्या आश्वासनाच्या बळावर, आणि प्राचीन नमुन्यांवरून तिच्यासाठी चित्रेही त्यांनीच काढली. या आवृत्तीत संपादकांनी पुष्कळ कापले. व्यासांनी सांगावे आणि गणपतीने लिहावे ही घराघरात माहीत असलेली कथासुद्धा मूळ संहितेतून बाहेर गेली. एखाद्या भाविकाला हा घाव वाटेल. परंतु विष्णु सीताराम सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या लिपींतल्या हस्तलिखितांचा पाठ शब्दाशब्दाने ताडून पाहिला होता, आणि जे काढले ते फेकले नाही. तळटीपांत आणि परिशिष्टांत ते सगळे छापले. गणपतीची कथा हवी असणाऱ्याला ती आदिपर्वाच्या परिशिष्टात मिळते. आधी संपूर्ण पाहायचे, मग निवडायचे आणि वगळलेले वाचकाच्या हाताशी ठेवायचे, अशी ही कातरण्याची नीती आहे.

वेबसाइटवर ती पाळणे अवघड नाही. लहान चौकोनावर बोट ठेवले की न कापलेले मूळ चित्र उघडावे, एवढी सोय हे त्या परिशिष्टाचे काम करते. कोणत्या बिंदूभोवती चित्र धरायचे हे प्रत्येक फोटोसाठी वेगळे सांगता येते; मध्यच धरला पाहिजे असे नाही. यंत्रालाच महत्त्वाचा भाग शोधू द्यावा, हा मार्ग ट्विटरने २०१८ मध्ये अवलंबला होता. माणसांची नजर पहिल्यांदा कुठे जाते याच्या नोंदींवरून यंत्र शिकवलेले होते. २०२० मध्ये लोकांच्या लक्षात आले की काळ्या आणि गोऱ्या माणसांच्या एकत्र फोटोत ते गोरा चेहरा जास्त वेळा निवडते. पुढच्या वर्षी कंपनीने स्वतः तपासणी केली, फरक मान्य केला आणि चित्र कसे कातरायचे हे माणसांनीच ठरवलेले बरे, असे जाहीर केले. पहिल्यांदा नजर जाते तेच महत्त्वाचे, हे गृहीतक देवळात तर सर्वांत आधी कोसळेल. गाभाऱ्यात नजर आधी जाते ती विजेच्या माळेवर, चांदीच्या प्रभावळीवर, झेंडूच्या हारावर. दर्शन त्यानंतर, नजर ठरल्यावर सुरू होते.

म्हणून देवस्थानाच्या पानावर फोटो चढवण्याआधी विचारायचे असेल तर ते मूर्तीला रोज स्नान घालणाऱ्या गुरवाला किंवा पुजाऱ्याला विचारावे. सोंड कोणत्या बाजूची, कोणते आयुध कोणत्या हातात, कोणता अवयव चौकटीबाहेर गेलेला चालणार नाही, हे तो एका वाक्यात सांगेल. चाफळला मात्र त्याचेही काही चालणार नाही, कारण समोरासमोर उभे असलेले राम आणि मारुती एका फोटोत दोघेही समोरून येऊच शकत नाहीत. तिथे दोन फोटो शेजारी ठेवावे लागतील, किंवा मारुतीच्या पाठीमागून, त्याच्या खांद्यावरून रामाकडे पाहणारा एक. या दुसऱ्या फोटोत मारुतीचे मुख दिसणार नाही, आणि दास मारुतीच्या बाबतीत ते चालण्यासारखे आहे.